पंच्याहत्तर इंची पॅनल आणि सोबतचे ‘शिक्षक प्रशिक्षण’ : एका मराठी शाळेतून परीक्षण

लालबाग-परळ भागातील ज्या अनुदानित मराठी शाळेत मी पर्यवेक्षिका आहे, त्या शाळेने माजी विद्यार्थी संघाच्या देणगीतून पंच्याहत्तर इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल विकत घेतले. शाळाशाळांतून त्याला सरसकट ‘स्मार्ट बोर्ड’ म्हटले जाते. विक्रेत्याच्या दरपत्रकात पॅनल, ते भिंतीवर बसवून देणे, तीन वर्षांची वॉरंटी आणि सर्वांत शेवटी, रकमेच्या रकान्यात ‘विनामूल्य’ असे लिहिलेले ‘शिक्षक प्रशिक्षण’ अशा चार बाबी होत्या. पहिल्या तिन्हींबद्दल फारसे बोलण्यासारखे नाही. हे परीक्षण मुख्यतः चौथ्या बाबीचे आहे, कारण पॅनल वर्गात वापरले जाणार की पडदा घालून झाकून ठेवले जाणार हे तिच्यावरच ठरते. विक्रेत्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. आतून बरीचशी सारखी असलेली पॅनल्स बाजारात वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, आणि इतर शाळांतील सहकाऱ्यांशी बोलल्यावर त्यांच्याबरोबर येणारे प्रशिक्षणही साधारण सारखेच असते असे दिसते.

यंत्र म्हणून पॅनल चांगले आहे. पडद्यावर ३८४० गुणिले २१६० इतके बिंदू असल्याने शेवटच्या बाकावरूनही नकाशावरची नावे वाचता येतात. प्रोजेक्टरच्या दिवसांत वर्गात अंधार करावा लागे, खिडक्या बंद झाल्या की घामाच्या धारा लागत आणि शिक्षक मध्ये आले की त्यांची सावली नेमकी आकृतीवर पडे. ते सारे प्रकार संपले. मात्र पंच्याहत्तर इंच हे माप कर्णाचे असते. प्रत्यक्षात पडदा सुमारे १६६ सेंटिमीटर रुंद आणि ९३ सेंटिमीटर उंच आहे, आणि शेजारच्या दहा फुटी फळ्यापुढे तो अपुरा पडतो. भूमितीच्या तासिकेला हे लगेच लक्षात येते. फळ्यावर पक्ष, साध्य, आकृती आणि सिद्धता एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतात. पॅनलवर सिद्धतेच्या सातव्या ओळीपर्यंत पोहोचेस्तोवर आकृती वर सरकून दिसेनाशी झालेली असते, आणि हळू लिहिणारी मुले वहीत अर्धी आकृती घेऊन बसलेली असतात. म्हणून पॅनल आले म्हणजे फळा काढून टाकायचा, हा विक्रेत्याचा सल्ला आम्ही मानला नाही. आकृती पॅनलवर आणि सिद्धता फळ्यावर, अशी वाटणी आता ठरून गेली आहे.

या वाटणीतून एक अडचण उभी राहते, आणि ती समजण्यासाठी पॅनलला बोटाचा स्पर्श कसा कळतो हे माहीत असावे लागते. आमच्या पॅनलच्या चौकटीत एका कडेला अवरक्त किरण सोडणारे दिवे आणि समोरच्या कडेला ते टिपणारे संवेदक आहेत. काचेच्या किंचित वर या किरणांचे अदृश्य जाळे असते आणि बोटाने ते जिथे तुटते तिथे स्पर्श झाला असे पॅनल समजते. किरण बोटानेच तुटतात असे मात्र नाही. खडूची भुकटी खालच्या चौकटीत साचली की पडद्यावर आपोआप रेघा उमटू लागतात. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन थेट चौकटीवर आले तरी स्पर्श चुकतो, कारण उन्हातही अवरक्त किरण असतातच. आणि साडीचा पदर किंवा ओढणी काचेला घासून गेली तरी पॅनलला तो स्पर्शच वाटतो. आमच्याकडे बहुसंख्य शिक्षिका आहेत. पॅनल ‘आपोआप पान उलटते’ ही सुरुवातीच्या आठवड्यांतील सर्वांत मोठी तक्रार होती, आणि तिचे कारण पदर होते. पदर खोचून घ्या, चौकट रोज कोरड्या मऊ फडक्याने पुसा आणि त्या बाजूच्या खिडकीला पडदा लावा, या तीन सूचनांनी ती तक्रार मिटली. प्रशिक्षणात यांपैकी एकही सूचना आली नव्हती. शर्ट-पँट घालून प्रात्यक्षिक दाखवणाऱ्या तरुणाला ती सुचण्याचे कारणही नव्हते.

तळहाताचेही तसेच आहे. मोठा पृष्ठभाग टेकला की पॅनल त्याला डस्टर समजते आणि लिहिलेले पुसून टाकते. फळ्यावर हात टेकवून लिहिण्याची वीस वर्षांची सवय असलेल्या शिक्षकांचे शब्द लिहिता लिहिताच नाहीसे होत. ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, पण ती बंद करता येते हे आधी कोणीतरी सांगावे लागते.

प्रत्यक्ष प्रशिक्षण शनिवारी शाळा सुटल्यावर सभागृहात झाले. कंपनीकडून आलेले प्रशिक्षक सौजन्याने वागणारे आणि आपल्या यंत्राची खडान्‌खडा माहिती असलेले होते, याबद्दल शंका नाही. त्यांनी हिंदी-इंग्रजीच्या मिश्रणात पडदा दुभंगून दाखवला, अंधारात प्रकाशझोत फिरवून दाखवला, त्रिमितीय हृदय उघडून त्याचे कप्पे फिरवून दाखवले, पृथ्वीचा गोल गरगरा फिरवला. सगळे शिक्षक खुर्च्यांवर बसून पाहत होते. पॅनलला हात लावण्याची संधी दोघा-तिघांना मिळाली, आणि तेही स्वतःचे नाव लिहिण्यापुरती. दहावीच्या गणित भाग दोनमधील वर्तुळाचे प्रकरण यावर कसे शिकवावे, असे आमच्या गणिताच्या बाईंनी विचारले, तेव्हा ‘सगळे कंटेंटमध्ये आहे, मॅडम’ असे उत्तर मिळाले. शेवटी हजेरीपटावर सह्या झाल्या, प्रमाणपत्रे वाटली गेली, पॅनलसमोर सामूहिक छायाचित्र निघाले आणि व्हॉट्सॲपचा गट स्थापन झाला. त्या गटावर पुढे सणांच्या शुभेच्छांखेरीज फारसे काही आले नाही.

कंटेंटबद्दलही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ‘राज्य मंडळ, मराठी माध्यम’ नावाचा कप्पा पॅनलमध्ये आहे खरा, परंतु त्यातील चित्रफिती मुळात दुसऱ्या अभ्यासक्रमासाठी केलेल्या असून त्यांवर मराठी आवाज चढवलेला आहे. प्रकरणांचा क्रम बालभारतीच्या पुस्तकांशी जुळत नाही आणि पारिभाषिक संज्ञा हिंदीवरून उचललेल्या आहेत. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत पाठ्यपुस्तकातलीच संज्ञा लिहावी लागणार असल्याने दहावीच्या वर्गात या चित्रफिती दाखवणे धोक्याचे वाटते. या कप्प्यासाठी वेगळे वार्षिक शुल्क मागितले जात असेल, तर ते देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कोणी म्हणेल की शिक्षकांना तंत्रज्ञान येतच नाही, त्याला विक्रेता काय करणार. हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून नाही. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ पासून सुरू आहे आणि आमच्या शिक्षक खोलीतील प्रत्येकाकडे त्याचे प्रमाणपत्र आहे. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. पाठ्यपुस्तकांत छापलेले क्यूआर कोड त्यावर उघडणे आता मुलांच्याही अंगवळणी पडले आहे. ‘निष्ठा’ हा शिक्षक प्रशिक्षणाचा कार्यक्रम २०१९ मध्ये प्रत्यक्ष सत्रांनी सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२० पासून, शाळा बंद असतानाच्या काळात, ‘दीक्षा’वरून ऑनलाइन राबवला गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण घ्यावे अशी अपेक्षा नोंदवली आहे. टाळेबंदीत याच शिक्षकांनी मोबाइल डब्यांच्या चळतीवर उभा करून तास घेतले. प्रशिक्षण पुष्कळ झाले आहे. त्यातले बहुतेक साधनाविषयी किंवा धोरणाविषयी असते, आणि सोमवारी तिसऱ्या तासिकेला शिकवायच्या धड्यापाशी येऊन थांबते.

अभ्यासकांनी ही त्रुटी पूर्वीच दाखवून दिली आहे. विषयाचे ज्ञान वेगळे आणि तो विषय शिकवण्याचे ज्ञान वेगळे, ही मांडणी अमेरिकेतील ली शुलमन यांनी १९८६ मध्ये केली. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये तिच्यात तंत्रज्ञानाची भर घातली आणि ही तीन ज्ञाने सुटी सुटी शिकवून वर्गात एकत्र येत नाहीत, ती एकमेकांत मिसळलेल्या अवस्थेतच शिकावी लागतात, असे प्रतिपादन केले. आमच्या सभागृहात जे झाले ते तिसऱ्या ज्ञानाचे सुटे प्रात्यक्षिक होते. त्याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ज्या कामासाठी ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, ते क्यूआर कोडचे काम स्वतःच्या वर्गाची आणि पुस्तकाची गरज ओळखून उभे राहिले होते, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही वेगळी व्यवस्था केली आणि पॅनल खऱ्या अर्थाने वापरात आले ते त्यानंतरच. व्यवस्था अगदी साधी आहे. एका विषयाचे शिक्षक एका ठरावीक मोकळ्या तासिकेला पॅनलच्या खोलीत जमतात, एकाने पुढच्या आठवड्यात शिकवायचा धडा पॅनलवर मांडायचा आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे. शाळा सुटल्यावर थांबणे शक्य नव्हते, कारण आमचे निम्मे शिक्षक बदलापूर, विरार, पनवेल येथून येतात आणि नेहमीची लोकल चुकली की घरी पोहोचायला रात्र होते. दोन सत्रांची शाळा असल्याने खोली रिकामी मिळणेही अवघड. वेळापत्रकात ही तासिका बसवण्यासाठी मुख्याध्यापिकांनी केलेली कसरत मी जवळून पाहिली आहे, आणि या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच होती असे मला वाटते.

गणिताच्या बाईंनी वर्तुळासाठी कंपनीचा कप्पा बाजूला ठेवला आणि जिओजेब्रा घेतले. हे विनामूल्य सॉफ्टवेअर मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग विद्यापीठात विकसित करायला घेतले. ते इंटरनेटशिवाय चालते, ही आमच्या दृष्टीने त्याची मोठी जमेची बाजू. बाईंनी वर्तुळ काढले, एबी ही जीवा काढली, मोठ्या कंसावर सी हा बिंदू घेतला आणि कोन एसीबी मोजला. तो ४० अंश आला. सी बिंदू बोटाने कंसावरून सरकवला तरी कोन चाळीसच राहिला, आणि एकाच कंसात अंतर्लिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात हे प्रमेय वाक्यात सांगण्याआधीच डोळ्यांना दिसले. मग त्यांनी बिंदू जीवेच्या पलीकडे लहान कंसावर नेला. तेथे १४० यायला हवे होते, पण पडद्यावर २२० आले. सॉफ्टवेअर प्रविशाल कोन मोजत होते. कोनाच्या गुणधर्मांत जाऊन तो ० ते १८० अंशांच्या दरम्यानच मोजावा असे सांगावे लागते, हे शोधायला आम्हा सगळ्यांची मिळून बराच वेळ डोकेफोड झाली. ती वर्गासमोर झाली असती, तर बाईंनी त्या दिवशी पॅनल बंद करून पुन्हा लावलेच नसते.

पुढच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात हाच धडा झाला तेव्हा मी मागच्या बाकावर बसले होते. चाळीसचे एकशे चाळीस होताच ‘बाई, बिघडलं!’ असा एकच गलका झाला. बाईंनी काही स्पष्टीकरण न देता दोन्ही कोनांची बेरीज तेवढी फळ्यावर लिहायला सांगितली. बिंदू आणखी दोन-तीन ठिकाणी फिरला, बेरीज दर वेळी १८० आली, आणि चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे एका मुलीने आपल्या शब्दांत सांगितले. तिचे वाक्य व्याकरणदृष्ट्या अर्धवट होते, गणितदृष्ट्या पुरे. सिद्धता मग फळ्यावर नेहमीच्या पद्धतीने झाली.

विज्ञानासाठी आम्ही फेट ही प्रतिकृती-मालिका, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहता येणाऱ्या प्रयोगांचा संच, वापरतो. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांच्या पुढाकाराने ती २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाली. तिच्यातील अनेक प्रतिकृती मराठीत उपलब्ध आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्या की त्याही इंटरनेटशिवाय चालतात. प्रकाशाच्या अपवर्तनासाठी त्या उत्तम. विद्युत परिपथासाठी मात्र त्या प्रयोगशाळेतील खऱ्या तारांची आणि बॅटरीची जागा घेऊ शकत नाहीत, असे आमच्या विज्ञानाच्या सरांचे ठाम मत आहे. सैल जोडणीमुळे दिवा न लागणे हा परिपथाच्या शिक्षणाचाच भाग आहे आणि पडद्यावर जोडणी कधी सैल होत नाही, असे ते म्हणतात. मला ते पटते.

भूगोलाच्या शिक्षकांनी इस्रोचे ‘भुवन’ हे उपग्रहचित्रांचे संकेतस्थळ निवडले. ते २००९ पासून उपलब्ध आहे. त्यांनी विहार आणि पवई तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत मिठी नदीचा सुमारे १८ किलोमीटरचा प्रवाह उपग्रहचित्रावर बोटाने रेखाटून दाखवला. नदी कुठे अरुंद होते आणि काठ कसा बांधकामांनी वेढला गेला आहे हे दिसल्यावर, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात पडलेले ९४४ मिलिमीटर पाणी कुठे कुठे तुंबले असेल, हा प्रश्न मुलांनीच काढला. हे शिक्षक पन्नाशीच्या पुढचे असून प्रशिक्षणाच्या दिवशी शेवटच्या रांगेत बसले होते.

भाषेच्या बाबतीत पॅनल कमी पडते. हस्ताक्षराचे छापील अक्षरांत रूपांतर करण्याची सोय हिंदीसाठी आहे, मराठीसाठी नाही, त्यामुळे ‘ळ’ आला की ती अडखळते. याहून मोठी अडचण जुन्या साहित्याची. शिक्षकांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत आणि पॅनलवर त्या उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. कार्यालयातील जुन्या संगणकावरून त्यांची पीडीएफ करून घेणे हा सर्वांत सोपा मार्ग ठरला. नवे लेखन मोबाइलवर करून पॅनलवर पाठवणे शिक्षकांना सोयीचे वाटते, कारण मोबाइलचा मराठी कळफलक हाताच्या सवयीचा झाला आहे. प्रशिक्षणाची दहा मिनिटे यावर खर्च झाली असती, तर प्रकाशझोत फिरवण्यापेक्षा त्यांचा अधिक उपयोग झाला असता.

ज्या शाळा खरेदीच्या विचारात आहेत त्यांनी दर ठरवताना एवढे पाहावे की २२ सप्टेंबर २०२५ पासून मॉनिटर आणि प्रोजेक्टर यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. जुने दरपत्रक पुढे केले जात असल्यास नवे मागून घ्यावे आणि पॅनलवर कोणत्या वर्गवारीखाली कर लावला आहे हे लेखी घ्यावे. एकच पॅनल घ्यायचे असल्यास ते सभागृहात लावू नये. तेथे ते पाहुण्यांना दाखवण्यापुरते उरते. विज्ञान प्रयोगशाळेत किंवा वेळापत्रकात तासिका लावता येईल अशा स्वतंत्र खोलीत लावावे, ऊन थेट येणार नाही अशी भिंत निवडावी, आणि सर्वांत कमी उंचीच्या शिक्षिकेला समोर उभे करून मगच खिळे ठोकावेत.

आमच्या संस्थेने दुसरे पॅनल त्याच विक्रेत्याकडून घेण्याचे ठरवले आहे, कारण यंत्राबद्दल आणि दुरुस्तीला येणाऱ्या माणसाच्या तत्परतेबद्दल तक्रार नाही. खरेदी आदेशाच्या मसुद्यात मात्र या वेळी ‘विनामूल्य’ हा शब्द खोडून प्रशिक्षणाची वेगळी किंमत धरली आहे. प्रशिक्षण मराठीतून, विषयवार आणि शाळेच्या वेळेत व्हावे, शिक्षकाने आणलेल्या धड्यावर व्हावे, प्रत्येकाचा हात पॅनलला लागावा, महिन्याभरानंतर प्रशिक्षकाने एक तासिका प्रत्यक्ष पाहून दुसरी फेरी घ्यावी, आणि या फेरीनंतरच त्या रकमेचा उरलेला हप्ता द्यावा, अशा अटी घातल्या आहेत. विक्रेत्याने पहिल्या चार अटी मान्य केल्या असून हप्त्याच्या अटीवर अजून बोलणी सुरू आहेत.